रिकामा रकाना : वर्गीकरणाची कोडी आणि निर्णयाचा विवेक

एका किराणा दुकानाच्या मागील खोलीत तीन डबे ठेवलेले आहेत, अशी कल्पना करावी. एका डब्यात केवळ तूरडाळ आहे, दुसऱ्यात केवळ मूगडाळ आहे आणि तिसऱ्यात दोन्हींचे मिश्रण आहे. डब्यांवर ‘तूर’, ‘मूग’ आणि ‘मिश्र’ अशा चिठ्ठ्या आहेत. परंतु तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या डब्यांवर लागल्या आहेत. अट अशी की, झाकणाखाली न पाहता कोणत्याही एकाच डब्यातून एकच दाणा बाहेर काढायचा आणि तेवढ्यावरून तिन्ही डब्यांतील माल अचूक सांगायचा.

पहिल्या ऐकण्यात हे अशक्य वाटते. एका दाण्यावरून तीन डब्यांचा निर्णय कसा करावा? पण ‘मिश्र’ अशी चिठ्ठी असलेल्या डब्यातून दाणा काढला की कोडे सुटते. चिठ्ठी चुकीची असल्याने त्या डब्यात मिश्रण असूच शकत नाही. दाणा मुगाचा निघाला तर तो डबा केवळ मुगाचा. आता ‘तूर’ अशी चिठ्ठी असलेल्या डब्यात तूर नाही, कारण ती चिठ्ठीही चुकीची आहे. मूगही नाही, कारण मुगाचा डबा सापडला आहे. म्हणजे त्यात मिश्रण आहे. उरलेल्या डब्यात तूर आहे, हे आपोआपच ठरते. येथे दाण्याने जेवढे सांगितले, त्याहून अधिक त्या एका नियमाने सांगितले : ‘तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या आहेत.’

नियमांच्या आधारे वस्तूंची वर्गवारी करावयास लावणारी अशी कोडी आज घरोघरी पोहोचली आहेत. व्यवस्थापन शिक्षणाच्या ‘कॅट’ परीक्षेत तर्काधारित प्रश्नांना मोठे स्थान आहे, आणि बँकांच्या भरती परीक्षांत ‘कोण कोणाशेजारी बसला’ या धर्तीचे प्रश्न ठरलेलेच असतात. व्यापारी कुटुंबांतील अनेक मुले-मुली त्यांचा रात्रंदिवस सराव करीत असतात. मात्र या कोड्यांचे मोल गुणांपुरते मर्यादित नाही. जैन परंपरेशी त्यांचे नाते जुने आहे, आणि दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याला ती एक मोलाची सवय लावतात.

पाच घरांचे कोडे

या प्रकारातील जगप्रसिद्ध कोडे ‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकात १७ डिसेंबर १९६२ रोजी प्रसिद्ध झाले. एका ओळीत पाच घरे. प्रत्येकाचा रंग निराळा, रहिवासी निराळ्या देशाचा, त्याचा पाळीव प्राणी, पेय आणि सिगारेट हीही निराळी. पंधरा विधाने दिलेली, आणि शेवटी दोन प्रश्न : पाणी कोण पितो? आणि झेब्रा कोणाचा? उत्तर २५ मार्च १९६३ च्या अंकात आले, आणि त्याबरोबर अनेक देशांतून अचूक उत्तरे पाठविणाऱ्या शेकडो वाचकांची नावे छापण्यात आली. हे कोडे आइन्स्टाइनने बालपणी रचले, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. परंतु तिला कोणताही पुरावा नाही. मूळ कोड्यात ज्या सिगारेटींची नावे आहेत, त्यांपैकी ‘कूल’ ही तर १९३३ मध्ये बाजारात आली, आणि आइन्स्टाइनचा जन्म १८७९ चा. नियमांनी सोडविण्याच्या कोड्याभोवतीच अशी बिनपुराव्याची कथा रुजावी, हेही बोधप्रदच म्हणावे लागेल.

या कोड्यातील शक्यतांची संख्या पाहण्याजोगी आहे. पाच रंग पाच घरांना १२० प्रकारे देता येतात. देश, प्राणी, पेय आणि सिगारेट यांचेही तसेच. सर्वांचा गुणाकार २४,८८,३२,००,००० होतो. सुमारे अडीच हजार कोटी मांडण्यांतून केवळ पंधरा वाक्ये एकच मांडणी शिल्लक ठेवतात. नियम म्हणजे बंधन, हे आपण जाणतो. पण नियमामुळेच उत्तर दृष्टिपथात येते, हे या आकड्यातून उमगते.

त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, ऑक्सफर्डचे गणिताध्यापक चार्ल्स डॉजसन यांनी लुईस कॅरोल या टोपणनावाने मुलांसाठी तर्काचा खेळ रचला होता. त्यांच्या पटावर चौकोन आखलेले असत. एखाद्या चौकोनात काही आहे हे निश्चित झाले की तेथे लाल सोंगटी ठेवायची. तो रिता आहे हे निश्चित झाले की करडी. आणि जेथे काहीच निश्चित झालेले नाही, तेथे कोणतीही सोंगटी ठेवायची नाही. ही तिसरी अवस्था फार महत्त्वाची आहे.

गांगेय अनगारांचे प्रश्न

जैन वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. जीवांचे संसारी आणि मुक्त, संसारींचे त्रस आणि स्थावर, एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत असे भेद पाठशाळेतील लहान मूलही सांगते. वर्गीकरण हा जैन चिंतनाचा कणाच आहे. पण त्याहून पुढचा टप्पा, म्हणजे वर्गवारी किती प्रकारे होऊ शकते याची गणना, आगमांतच आढळते.

भगवतीसूत्राच्या नवव्या शतकात गांगेय अनगार भगवान महावीरांना प्रश्न विचारतात. सात नरकभूमी आहेत. त्यांत जीव किती प्रकारे प्रवेश करू शकतील? एकच जीव असेल तर सात प्रकार. दोन जीव असतील तर दोघेही एकाच भूमीत जाण्याचे ७ प्रकार आणि दोन भिन्न भूमींत जाण्याचे २१, असे एकूण २८. तीन जीव असतील तर तिघे एकत्र ७ प्रकारे, दोन एकत्र आणि एक वेगळा असे ४२ प्रकारे, आणि तिघे तीन भूमींत ३५ प्रकारे, एकूण ८४. या प्रकारांना तेथे ‘भंग’ म्हटले आहे. आजच्या गणितात वस्तू गटांत वाटण्याचा जो नियम शिकविला जातो, त्याच्याशी ही उत्तरे तंतोतंत जुळतात.

पुढे राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. दिलेल्या वस्तूंतून ठरावीक संख्येच्या वस्तू किती प्रकारे निवडता येतील, याचा सर्वसाधारण नियम त्यांनी दिला. सहा रसांवर तो लावून पाहता येतो. एकेक रस ६ प्रकारे, दोन-दोन १५, तीन-तीन २०, चार-चार १५, पाच-पाच ६ आणि सहाही एकत्र १, एकूण ६३. सुश्रुतसंहितेतील रसभेदांची संख्याही हीच आहे. याच रीतीने अस्ति, नास्ति आणि अवक्तव्य या तीन मूळ भंगांचे एकेरी ३, दुहेरी ३ आणि तिहेरी १ असे सात भंग होतात. सप्तभंगी सातच का, याचे उत्तर असे गणितातच दडलेले आहे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये आणि जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५७ मध्ये स्याद्वादावर लेख लिहिले, ते उगाच नव्हे.

पर्युषणातील एक दिवस

आता एक कोडे घरचेच घ्यावे. पर्युषणातील एका दिवशी एका घरात आजी, आई, काका आणि ताई या चौघांनी चार निरनिराळी पच्चक्खाणे घेतली आहेत : उपवास, आयंबिल, एकासणे आणि बियासणे. चौघांकडे चार निरनिराळी कामेही आहेत : पाणी उकळणे, दुकानाची वही लिहिणे, पाठशाळेत शिकविणे आणि पांजरापोळात चारा पोहोचविणे. पाच गोष्टी ज्ञात आहेत.

१. ज्या व्यक्तीचा उपवास आहे, तीच पांजरापोळात जाणार आहे.
२. आजी आज जेवणार आहेत, पण एकदाच.
३. आईच्या पच्चक्खाणात तूप चालते.
४. वही ताई लिहिणार आहे, आणि तिच्या पच्चक्खाणात तूप चालत नाही.
५. पाणी उकळणाऱ्या व्यक्तीचे बियासणे नाही.

कोणाचे कोणते तप आणि कोणाकडे कोणते काम? पुढे वाचण्यापूर्वी वाचकांनी कागदावर चौकट आखून प्रयत्न करावा. आडव्या ओळींत माणसे, उभ्या रकान्यांत तपे आणि कामे. जे अशक्य ठरले तेथे फुली, जे निश्चित झाले तेथे बरोबरची खूण.

उकल अशी. तूप न चालणारी तपे दोनच : उपवास, ज्यात अन्नच नाही, आणि आयंबिल, ज्यात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले हे सारे वर्ज्य. ताईचे तप या दोहोंपैकी एक. परंतु उपवास करणारी व्यक्ती पांजरापोळात जाणार आहे आणि ताई तर वही लिहिणार आहे. म्हणून ताईचे आयंबिल. आजी एकदाच जेवणार, म्हणजे आयंबिल किंवा एकासणे. आयंबिल ताईचे ठरले, म्हणून आजींचे एकासणे. आईला तूप चालते, म्हणजे एकासणे किंवा बियासणे. एकासणे आजींचे, म्हणून आईचे बियासणे. उरला उपवास, तो काकांचा. आणि म्हणून पांजरापोळातही काकाच जाणार. पाणी उकळणे आणि पाठशाळा ही दोन कामे आजी आणि आई यांच्यात राहिली. बियासणे करणारी व्यक्ती पाणी उकळत नाही. म्हणून आई पाठशाळेत शिकविणार आणि पाणी आजी उकळणार.

एकंदर ५७६ संभाव्य मांडण्यांतून ही एकच टिकते. आणि विशेष असे की, पाच विधानांत काकांचे नावही नाही. ज्याच्याविषयी कोणी काहीच सांगितले नाही, त्याचेही तप आणि कामही निश्चित ठरले. मात्र ते तर्काने ठरले, अंदाजाने नव्हे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. चौथ्या विधानात ‘ताईने तूप घेतले नाही’ असे असते, तर ही उकल उभीच राहिली नसती. एकासणे करणाराही आपल्या इच्छेने तूप सोडू शकतो. ‘घेतले नाही’ आणि ‘चालत नाही’ या दोहोंत जे अंतर आहे, त्या अंतरावर सारे उत्तर अवलंबून आहे. घाईने वाचणारा नेमका येथेच घसरतो.

ज्ञानाचे तीन दोष

जैन न्यायग्रंथांत यथार्थ ज्ञान तीन दोषांपासून मुक्त असावे असे सांगितले आहे : संशय, विपर्यय आणि अनध्यवसाय. अंधूक प्रकाशात दिसणारे ते झाडाचे खोड की माणूस, असे दोहोंत हेलकावणे म्हणजे संशय. शिंपला पाहून तो रुपेच आहे असा निश्चय करणे म्हणजे विपर्यय. चालताना पायाला गवत लागले, ‘काहीतरी लागले’ एवढेच जाणवले आणि पुढे विचारच केला नाही, तो अनध्यवसाय.

कोडी सोडविणाऱ्याच्या चुका याच तीन प्रकारांत मोडतात. एखादे विधान वाचूनही त्याचा काय परिणाम होतो हे न पाहणे, हा अनध्यवसाय. पुरावा पुरेसा असूनही खूण करण्यास कचरणे, हा संशय. आणि पुरावा नसताना ‘आजी वयाने मोठ्या, म्हणून आयंबिल त्यांचेच’ असे मानून खूण करणे, हा विपर्यय. तिघांत हा शेवटचा अधिक घातक. कारण एक चुकीची खूण पुढील प्रत्येक रकान्यात शिरते, आणि सारी चौकट भरत आल्यावर कोठेतरी विसंगती दिसते. तोवर मूळ चूक कोठे झाली हे सापडत नाही.

स्याद्वादाविषयीचा एक रूढ गैरसमजही येथे दूर करता येतो. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. ‘एका विशिष्ट अपेक्षेने’ असा त्याचा अर्थ आहे. आणि ‘अवक्तव्य’ म्हणजे ‘ठाऊक नाही’ असेही नव्हे. अस्ति आणि नास्ति ही दोन्ही एकाच वेळी एका शब्दाने सांगता येत नाहीत, एवढाच त्याचा आशय. कोड्यातील रिकामा रकाना वेगळा. तेथे सत्य एकच आहे, फक्त ते अजून आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. अनेकांताचा आधार घेऊन ‘सगळेच थोडेथोडे खरे’ असे म्हणणारा कोडेही सोडवू शकत नाही आणि हिशोबही जुळवू शकत नाही.

गादीवरील कोडे

या सवयीचे खरे मोल कागदावर नव्हे, दुकानात कळते. असा प्रसंग कल्पावा : दिवसअखेर रोकड मोजली आणि वहीपेक्षा ४,५०० रुपये कमी भरले. गल्ल्यावर त्या दिवशी तिघांचा वावर होता : अनेक वर्षांचे मुनीमजी, मालकांचा पुतण्या आणि महिन्यापूर्वी कामाला लागलेला मुलगा. नजरा कोणाकडे वळतात, हे सांगावे लागत नाही. मुनीमजी जुने म्हणून त्यांच्यापुढे फुली. पुतण्या घरचा म्हणून त्याच्यापुढे फुली. उरला तो नवा मुलगा. वरकरणी ही कोड्याचीच रीत दिसते. प्रत्यक्षात यातील एकही फुली पुराव्याने पडलेली नाही. जुनेपणा आणि नाते ही विश्वासाची कारणे आहेत. ती सिद्धता नव्हेत.

दुसरा दोष याहून मोठा आहे. चौकटीत तीनच ओळी आखल्या गेल्या. ‘कोणीच पैसे घेतले नाहीत’ ही चौथी ओळ आखलीच नाही. शक्यतांची यादी अपुरी असेल, तर पुढचा सारा तर्क निर्दोष असूनही उत्तर चुकते.

जुने हिशोबनीस अशा वेळी फरकाला ९ ने भागून पाहत. लगतच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की होणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. ४,५०० ला ९ ने भागले तर बरोबर ५०० येतात. मग पावत्या पुन्हा चाळल्यावर एक जमा ३,८०० ऐवजी ८,३०० अशी लिहिली गेल्याचे आढळते. पैसे कधी आलेच नव्हते, तर जाणार कोठून? अर्थात ९ ने भाग जाणे हा केवळ संकेत आहे. भाग गेला म्हणून लेखनातीलच चूक, असे मानणे हाही विपर्ययच ठरेल. निर्णय पावती पाहूनच करावा.

पण पावत्या पाहण्यापूर्वीच कोणी त्या मुलाला चार माणसांसमोर खिसे उलटे करावयास लावले असते तर? पेठेत शब्द पसरावयास वेळ लागत नाही. ‘त्याच्या हाताचा भरवसा नाही’ हे एक वाक्य शेजारच्या दुकानापर्यंत पोहोचले की त्याला दुसरे काम मिळणे कठीण होते. वहीतील आकडा खोडून दुरुस्त करता येतो. माणसाच्या नावापुढे पडलेली खूण तशी खोडता येत नाही. अदत्तादानाचा दोष गंभीर खराच. परंतु निर्दोषावर त्याचा आळ घालणे हेही सत्य आणि अहिंसा या दोन्ही व्रतांना बाधक आहे.

नियमही तपासावे लागतात

नियमांच्या खेळात नियम न्याय्य आहेत की नाहीत, हाही प्रश्न कधी उभा राहतो. अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या ‘एलसॅट’ या प्रवेशपरीक्षेत अशा कोड्यांचा स्वतंत्र विभाग अनेक दशके होता. ही कोडी बहुतेक जण आकृती काढून सोडवितात. दृष्टिहीन उमेदवाराला ते शक्य नसते. या आक्षेपावरून न्यायालयीन दावा झाला, २०१९ मध्ये समझोता झाला, आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग परीक्षेतून वगळण्यात आला. तर्काची कसोटी घेताना आपण नकळत दृष्टीची कसोटी घेत होतो, हे मान्य करावे लागले. दुकानातील, संस्थांतील आणि घरातील नियमांकडेही अधूनमधून याच नजरेने पाहणे इष्ट आहे.

संध्याकाळचा अर्धा तास

मुलांना या कोड्यांची गोडी लावण्यासाठी महागड्या पुस्तकांची गरज नाही. घरातील माणसे, डबे, कामे, आठवड्याचे वार यांतून चार-पाच विधानांचे कोडे सहज रचता येते. रचणाऱ्याने उत्तर आधी ठरवावे, मग विधाने लिहावीत, आणि त्यांतून एकच उत्तर निघते ना, हे स्वतः सोडवून तपासावे. सोडविणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत : शक्यतांची यादी आधी पूर्ण करावी, आणि प्रत्येक खुणेचे कारण तोंडाने सांगावे. कारण सांगता येत नसेल, तर रकाना रिकामा ठेवावा.

संवत्सरीच्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना, वर्षभरात आपण कोणाला पुराव्यावाचून कोणत्या रकान्यात बसविले, याची आठवण ठेवता येईल. आणि चौकटीवर खूण करण्यासाठी एखाद्या नातवाने पेन्सिल उचलली, की शेजारी बसलेल्या आजीने फक्त एवढेच विचारावे : ‘कशावरून?’